शालनवहिनींचा घसा

"धरा हिला. मान जरा वर," मी म्हणालो.

शालनवहिनींनी पिंजऱ्यात हात घातला आणि पक्षी अलगद बाहेर काढला. दोन्ही पाय एका मुठीत, पंख कोपराखाली दाबलेले, मान माझ्याकडे. कोंबडीचा एक डोळा सुजून पार मिटला होता. नाकातून चिकट पाणी गळत होतं आणि त्या पाण्याला तो वास होता. कोरायझा म्हणतात कोंबड्यांच्या या रोगाला, त्याचा वास एकदा घेतलेल्या माणसाला सांगावा लागत नाही, आणि न घेतलेल्याला सांगून कळत नाही.

"सर्दीच हाय न्हवं?" मागून हिंदुराव निकम म्हणाला.

"सर्दीच. पण ही जंतूंची सर्दी आहे. साध्या सर्दीनं अंडी निम्म्यावर येत नाहीत. तुम्ही आधी काय दिलंत यांना?"

हिंदुराव बायकोकडे बघायला लागला. मग म्हणाला, "दुकानदारानं एक पावडर दिलेली. दोन दिस पाण्यातनं पाजली."

मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. रोग कुठला ते न बघता औषध पाजायचं, आणि अंगाशी आलं की डॉक्टरला बोलवायचं. दहा मिनिटं बोललो असेन. तो बिचारा मान खाली घालून ऐकत होता. चार हजार पक्षी, नुकते कुठे भरात आलेले, आणि शेडात शिरलं की सगळीकडून खाकरणं आणि शिंका. त्याच्या जागी कुणीही दुकानदाराचं ऐकलं असतं.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. विट्याच्या आसपास तेव्हा अंड्यांची शेडं भराभर उभी राहत होती आणि पक्ष्यांचा डॉक्टर म्हणावा असा मी एकटा. त्या आठवड्यात रोग एका गावातून दुसऱ्या गावात चालला होता आणि मी त्याच्या मागून मोटारसायकलवर. प्रत्येक शेडातून निघताना आंघोळ, कपडे बदलायचे, बूट औषधात बुडवायचे, नाहीतर मीच रोग घेऊन पुढच्या दारात उभा. दिवसात पाच-पाच आंघोळी. हिंदुरावचं शेड त्या सोमवारचं सहावं. मी इतका दमलो होतो की गाडी स्टँडला लावली की तिच्यावरच डोळा लागायचा.

फार आजारी पक्षी मोजले. तीनशे चाळीस निघाले. त्यांना दुसऱ्या दिवशी एकेक धरून इंजेक्शन द्यायचं ठरलं, बाकीच्यांना पाण्यातून औषध. हिंदुराव टाकी धुवायला गेला. मी शेडाला लागून असलेल्या त्यांच्या घराच्या ओट्यावर बसलो. शालनवहिनी चहा घेऊन आल्या आणि जायच्या सोडून खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, एक इचारू? कोंबड्यांचं न्हाई. माझं."

यात नवल काही नव्हतं. माणसांचा डॉक्टर विट्यात, पक्ष्यांचा दारात. मला गुडघ्यापासून गजकर्णापर्यंत सगळं विचारायचे लोक. आणि मीही सांगायचो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं ते.

वहिनींचं दुखणं मला ठाऊक होतं. दोन-सव्वादोन वर्षांपूर्वी, बाळंतपणानंतर, पोटभर जेवूनही त्या वाळत चालल्या होत्या. छातीत धडधडायचं, थंडीत घाम फुटायचा. मिरजेच्या डॉक्टरांनी थायरॉईड वाढलाय म्हणून निदान केलं आणि अठरा महिने गोळ्या दिल्या. बरं वाटलं, गोळ्या बंद झाल्या, चार महिन्यांत दुखणं परत दारात. आता दोन महिने झाले, पुन्हा पहिल्यापासून तीच गोळी. डॉक्टर म्हणत होते, या खेपेला किरणोत्सारी आयोडिनचा डोस घ्या आणि कायमचं मिटवा. पण तो घेतला की काही दिवस लहान पोरापासून लांब राहायचं होतं, आणि यांची पोरगी दोन वर्षांची, आईच्या कुशीशिवाय न झोपणारी. म्हणून गोळ्याच.

"घसा धरलाय काल धरनं," त्या म्हणाल्या. "गिळताना टोचतंय. अंगबी कसकसतंय. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, घसा दुखला, ताप आला, तर गोळी थांबवायची आन् त्याच दिशी रगत तपासायला यायचं. जाऊ का उद्या?"

"उद्या? मिरजेला?"

"तसं सांगितलेलं त्यांनी."

"अहो वहिनी, दिवसभर शेडात उभ्या आहात. तो वास, ती धूळ, खालच्या विष्ठेचा तो उग्र वायू. अशात कुणाचा घसा चांगला राहील?"

"तसंच आसंल," त्या म्हणाल्या आणि हसल्या. बरं वाटलं असावं त्यांना.

मी बॅगेतून कॅप्सूलची एक पट्टी काढली. माणसांचीच होती, माझ्यासाठी घेऊन ठेवलेली. "सकाळ-संध्याकाळ एक. तीन दिवसांत मोकळा होतो घसा."

"आन् ती गोळी? ती थांबवू का?"

"ती कशाला थांबवताय? मागं थांबवलीत आणि काय झालं, बघितलंत ना? चालू ठेवा."

त्यांनी पट्टी पदराच्या टोकाला बांधली. मी चहा संपवला.

मंगळवारी सकाळी सातला आम्ही सुरुवात केली. हिंदुराव आजारी पिंजरे दाखवत पुढे, वहिनी पक्षी काढून धरायच्या, मी सुई टोचायचो. पक्षी धरायची त्यांची हातोटी अशी, की कोंबडी फडफडायचीसुद्धा नाही. नवखा माणूस धरतो तेव्हा पंख मोडतो, नाहीतर सुई माझ्याच बोटात जाते. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. अडीचशेच्या आसपास त्या भिंतीला टेकल्या.

"दमलात?" मी विचारलं.

"न्हाई. चालू द्या."

मी चालू दिलं. दोन वाजता तीनशे चाळीस संपले.

बुधवारी दुसऱ्या दोन गावांत होतो. गुरुवारी सकाळी बलवडीच्या एका शेडाबाहेर कपडे बदलताना मी हिंदुरावला फोन लावला.

"कसे आहेत पक्षी?"

"झ्याक. खाकरनं निम्म्यानं कमी. खाद्याला तोंड लावाया लागलेत. तुमच्या हाताला गुण हाय, डॉक्टर."

"वहिनींचा घसा?"

"तिचंच वंगाळ हाय बगा. ताप उतरंना. तोंडात समदं फोड आल्यात, पानी गिळवंना. आज निजूनच हाय. उद्या बगतो इकडंतिकडं."

तोंडात फोड. मी एक पाय पँटमध्ये घालून तसाच उभा राहिलो.

मला आठवली ती मांजरं. कॉलेजात आमचे एक सर मांजरांचे रोग शिकवायचे. म्हाताऱ्या मांजरांचा थायरॉईड वाढतो, त्यांना वर्षानुवर्षं गोळी द्यावी लागते. आम्ही पोरं मागच्या बाकावर हसलो होतो. आमच्या गावाकडं मांजराला उरलंसुरलं ताक मिळालं तरी नशीब, त्याला रोज गोळी कोण घालणार? पण सर परीक्षेला हमखास तेच विचारायचे, म्हणून पाठ केलं. गोळी चालू असताना जनावराला ताप आला, तोंड आलं, की गोळी ताबडतोब बंद करा, रक्तातल्या पांढऱ्या पेशी बघा, त्या नाहीशा झालेल्या असू शकतात, मग साधा जंतूही जनावराला नेतो. उत्तर बरोबर लिहिलं होतं मी. चांगले मार्क पडले होते. आणि वहिनींची गोळी तीच होती. नाव मी तिच्या डबीवर दहा वेळा वाचलं होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं आणि वहिनींनी ते मला जसंच्या तसं येऊन सांगितलं होतं.

मी दुसरा पाय पँटमध्ये खुपसला.

"हिंदुराव, ऐका," मी म्हणालो. "ती थायरॉईडची गोळी आत्ता बंद. आजची दिली असेल तर असू दे, पुढची नाही. वहिनींना मिरजेला न्यायचंय. मी येतोय."

"आज? अंड्याचा टेम्पो यायचाय आज."

"त्यातच बसवा."

मी कशी गाडी हाणली ते मला सांगता येणार नाही. पोचलो तेव्हा टेम्पोवाला रिकामे ट्रे उतरवून ठेवत होता. औषध चालू होतं म्हणून हिंदुरावची अंडी तो नेणारच नव्हता, त्यामुळे गाडी रिकामी होती. वहिनींना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. मी दाराकडे, हिंदुराव मागे हौद्यात. पोरगी शेजारणीच्या कडेवर रडत होती. वहिनींनी तिच्याकडे हात केला, पण बोलवलं नाही त्यांना. ओठाला कोरड पडून रक्त आलं होतं. विट्यापासून मिरजेपर्यंत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि ते इतकं तापलेलं होतं की शर्टातून भाजत होतं. मी सारखा त्यांच्या श्वासाकडे लक्ष ठेवून होतो. पक्ष्यांच्या श्वासाकडे कान लावायची सवय माझी, पण तसं लक्ष मी आजवर कुठल्या पक्ष्याला दिलं नव्हतं.

दवाखान्यात रक्त घेतलं. तासाभरात एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आले. थकलेले दिसत होते तेही.

"चार हजारांच्या वर हव्यात पांढऱ्या पेशी. यांच्या नऊशे आहेत. आणि त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या जवळजवळ नाहीतच. घसा कधीपासून दुखतोय?"

"रविवार धरनं," हिंदुराव म्हणाला.

"रविवार? आज गुरुवार आहे. यांना लिहून दिलं होतं आम्ही, घसा दुखला तर त्याच दिवशी या. चार दिवस काय केलंत?" डॉक्टरांनी वहिनींच्या पिशवीतून पट्टी काढली. सहा कॅप्सूल संपल्या होत्या. "हे कुणी दिलं?"

मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. तोंड उघडलं होतं मी. देवाशपथ सांगतो, उघडलं होतं.

वहिनींनी मान जराशी वळवली. त्यांचा आवाज म्हणजे नुसती घरघर होती. "मीच घेतली. कोंबड्यांच्या औशदाच्या डब्यातली."

हिंदुराव बायकोकडे बघतच राहिला.

"कोंबड्यांची औषधं खाता?" डॉक्टर म्हणाले. "आमच्या औषधानं काय होतं ते बघायला यायचं नाही, आणि वर मनानंच दुसरं घ्यायचं. मरायचंय का तुम्हाला?"

सोमवारी मी हिंदुरावला जे ऐकवलं होतं तेच हे, शब्द तेवढे वेगळे. वहिनींनी डोळे मिटून घेतले. आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही कोण?"

"पक्ष्यांचे डॉक्टर," हिंदुरावनंच सांगितलं. "ह्यांनीच फोनवर वळखलं, साहेब. ह्यांनीच आनलं."

"बरं केलंत," डॉक्टर मला म्हणाले. "अजून एक दिवस गेला असता तर अवघड होतं." आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

बारा दिवस. पेशी वाढायची इंजेक्शनं, सलाईनमधून औषधं, वेगळी खोली. पहिले पाच दिवस काही खरं नव्हतं. रोज दुपारी मी हिंदुरावला फोन करायचो आणि तो आकडा सांगायचा. सातशे. आठशे. सहाशे. सहाशे ऐकलं त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं, काय झालंय? मी म्हणालो, दमलोय. खोटंही नव्हतं. आठव्या दिवशी दोन हजार झाले तेव्हा मी ज्या शेडात होतो तिथल्याच पाण्याच्या टाकीवर बसून रडलो. मालकाला वाटलं, त्याचे पक्षी जाणार.

वहिनी घरी आल्या, त्यानंतर दोन दिवसांनी मी गेलो. वाटेत वाक्य जुळवून ठेवलं होतं. हिंदुरावला बाजूला घ्यायचं आणि सांगून टाकायचं. पण दारात पोचलो तर ओट्यावर सहा-सात माणसं बसलेली. एकीच्या मांडीवर तापानं मलूल झालेलं पोर. एक म्हातारा, गुडघ्याला फडकं बांधलेला. मला वाटलं, वहिनींना बघायला आलेत.

"आलं बगा," हिंदुराव उठून म्हणाला. त्याच्या तोंडावर इतका आनंद मी कधी बघितला नव्हता. "ह्यांनी फोनवर वळखलं. तिकडचं डॉक्टर म्हनलं, अजून एक दिस आन् बाई हाती लागली नसती. आता गावात कुनाचं काय असलं, आधी ह्यांना इचारायचं, मंग दवाखाना. मीच बसवून ठिवलंय समद्यांना."

वहिनी आत दाराशी बाजेवर टेकून बसल्या होत्या, पोरगी मांडीवर. पार गळून गेल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

पहिली उठली ती साऊआजी, शेजारची. कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून तिनं माझ्यासमोर धरली. "ही खाते मी दोन वरसं झाली, रगताच्या दाबाची. आन् आता घसा धरलाय, बाबा. काय घेऊ?"

आल्या आल्या कुणीतरी दिलेली चहाची बशी माझ्या हातात होती. ती मी खाली ठेवली.

"आजी, मला यातलं काही कळत नाही," मी म्हणालो. "आणि कुणीच मला विचारू नका. हिंदुराव, बसा. वहिनींनी कोंबड्यांच्या डब्यातलं काही घेतलं नव्हतं. ती पट्टी मी दिली. त्या सोमवारी त्यांनी मला सरळ विचारलं होतं, घसा दुखतोय, मिरजेला जाऊ का. मी नको म्हणालो. गोळी थांबवू का विचारलं, चालू ठेवा म्हणालो."

"काय बोलताय, डॉक्टर?" हिंदुराव म्हणाला. हसत होता अजून.

"खरं बोलतोय. आणि नको का म्हणालो, तेही सांगतो. मंगळवारी तीनशे चाळीस इंजेक्शनं होती. वहिनी मिरजेला गेल्या असत्या तर पक्षी धरणार कोण? ते काम बुधवारवर गेलं असतं आणि बुधवारी मला दुसरी दोन शेडं होती. मला त्यांचे हात हवे होते. घशाचं कारण मी नंतर शोधलं."

हे मी तोवर स्वतःशीही असं उघड बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर मला माझी किळस आली.

हिंदुरावचं हसू हळूहळू गेलं. तो बायकोकडे वळला. "तू तर म्हनलीस, डब्यातली घेतली."

"म्हनले."

"कशापायी?"

"आन् काय म्हनू? शेडात चार हजार पक्षी आजारी. ह्यांचं नाव घेतलं आन् हे यायचं बंद झालं म्हंजे? दुसरा कोन हाय हितं?"

हिंदुराव उठला, माझ्याकडे न बघता शेडाकडे गेला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. पुढच्या बॅचला त्यानं लांबचा दुसरा डॉक्टर लावला. रस्त्यात भेटला तर नमस्कार करतो, थांबत नाही. त्यात त्याची काही चूक नाही. बाकीची माणसंही एकेक करून उठली. पोरवाली बाई पोराला पदराखाली घेऊन गेली.

"नसता बोलला तर चाललं असतं की," वहिनी म्हणाल्या. राग नव्हता त्या आवाजात. नुसता शीण होता. "मी झाकलं होतं."

"नसतं चाललं, वहिनी. ती माणसं बघितलीत ना."

"मंग त्या दिशी बोलायचं. दवाखान्यात. मला थुकी गिळवत नव्हती, तरी मी बोलले. तुमचा घसा तर चांगला होता."

मी पायऱ्या उतरून गाडीशी आलो. त्या दिवशी मला अजून तीन शेडं करायची होती. मागून कुणीतरी बॅगेला धरलं. साऊआजी होती. ती गेलीच नव्हती. हातात पट्टी तशीच.

"ते तुमचं तुमी निस्तरा," ती म्हणाली. "पर मी काय घेऊ, ते सांगतोस का न्हाई?"

मी पट्टी घेतली, तिच्याच पिशवीत परत ठेवली आणि तिला गाडीवर मागे बसवलं. विट्याच्या सरकारी दवाखान्यात रांग मोठी होती. तिचा नंबर येईपर्यंत मी बाकड्यावर तिच्या शेजारी बसून राहिलो.